पामोलिनचे डबे आणि तुळसाकाकूंची राई

तुळसाकाकूंशी गोड बोलायला गेलं तर त्यांना संशय येतो, आणि कडू बोलायला गेलं तर उत्साह. त्यामुळे डोंबिवली पूर्वेच्या आमच्या 'सुखनिवास'मधले लोक त्यांना जिन्यात पाहिलं की नुसती मान हलवून निसटतात. मला ती सोय नाही. मी त्यांच्या समोरच्या खोलीत भाड्याने राहतो, आणि त्यांच्या मोबाईलवर येणाऱ्या फराळाच्या ऑर्डरी वाचून दाखवायचं काम, मी मागितलेलं नसताना, माझ्या गळ्यात पडलेलं आहे. त्यांना वाचता येत नाही असं नाही. चष्म्याला तेलाचे हात लागतात, म्हणून त्या वाचत नाहीत. माझं शिक्षण मुरबाडला झालं हे कळल्या दिवसापासून माझं नावही त्यांनी रद्द केलं. "ए मुरबाडकर" एवढंच.

काकू दोडामार्ग तालुक्यातल्या. सिंधुदुर्गाच्या अगदी तळाशी, जिथे जरा जोरात शिंकलं तर गोव्यात ऐकू जातं, तिथल्या. माहेरचं आडनाव गवस. लग्न होऊन डोंबिवलीत आल्या तेव्हा नवरा एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होता. रोज नवीन रंगाची नखं घेऊन घरी यायचा. तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि सासरच्यांनी "गावाला येऊन राहा" असं अशा आवाजात सांगितलं की काकूंनी दुसऱ्या दिवशी चकलीचा सोऱ्या विकत आणला. तो अजून खाली ठेवलेला नाही. त्यांची चकली अशी की त्यांच्याशी भांडलेला माणूससुद्धा दुसऱ्याच्या नावावर ऑर्डर देतो.

सुरुवातीला त्या शेंगदाण्याच्या तेलात तळायच्या. मग ते महागलं, गिऱ्हाईक "काकू, बाहेर स्वस्त मिळते हो" करायला लागलं, आणि काकूंच्या दारात पामोलिनचे पिवळे डबे आले. चव बदलली असं एकाही माणसाने सांगितलं नाही, याचा त्यांना आजही राग आहे. "मेल्यांच्या जिभा प्लॅस्टिकच्या. मी उगाच इतकी वर्षं शेंगदाणा जाळला."

या बाईचा आवाज फक्त एका विषयावर खाली यायचा. माहेरची राई. गावामागच्या उतारावर गवसांचं दाट रान आहे. आजूबाजूच्या डोंगरांवर रबर आला, अननस आला, ही राई तेवढी राहिली, कारण काकूंच्या वडिलांचा एक नियम होता. राईच्या मधोमध बेहड्याचं एक म्हातारं झाड आहे. त्याच्या ढोलीत दर वर्षी गरुडाची मादी अंड्यांवर बसायची. तिकडे धनेश पक्ष्याला गरुड म्हणतात. ही मादी आत जाते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. आणि ती आत असेपर्यंत गवसांच्या घरातल्या कुणी कोयता घेऊन राईत पाऊल टाकायचं नाही, मग चुलीला लाकूड असो नसो.

"बाबा म्हणायचे, बाळंतिणीच्या खोलीत कोण कोयता घेऊन जातं रे?" हे सांगताना काकू चकली पाडायच्या थांबायच्या. मग लगेच, "बघतोस काय? पुढची ऑर्डर वाच."

यंदा या राईचा विषय जरा जास्तच निघत होता. काकूंचा धाकटा भाऊ नाथा भाऊबीजेला येणार होता, आणि येताना हक्कसोडीचा कागद आणणार होता. म्हणजे राईतला आपला हिस्सा काकूंनी भावाच्या नावे सोडायचा. थोरली बहीण गोदा, जिचं सासर बांद्याला, तिने सही केलेली. राहिल्या काकू.

"देणार सही?" मी विचारलेलं.

"न देऊन सांगते कुणाला? हिस्सा मागितला की माहेर संपलं. तुमच्या मुरबाडला काय वेगळं असतं काय?"

वेगळं नसतं. माझ्या आत्याने हिस्सा मागितला, तेव्हापासून आमच्याकडे तिचा उल्लेख 'ती कल्याणची' असा होतो. वर्षातून एकदा नाथा येऊन पाटावर बसतो, काकू ओवाळतात, तो ताटात साडी टाकतो. त्या साडीचा रंग जिन्यातल्या प्रत्येक बाईला मुद्दाम थांबवून दाखवला जातो. ज्या बाईला कुणी नाही तिच्यासाठी हे केवढं असतं, हे मला कळत होतं. सही म्हणजे त्या पाटाचं भाडं होतं, आणि काकू ते द्यायला तयार होत्या.

याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या ऋजुता आगाशेला कंठ फुटला.

ऋजुता म्हणजे डोंबिवलीत तीन पिढ्या मुरलेल्या घरातली. ठाण्याला घोडबंदर रोडवर आयटीत नोकरी, आणि रविवारी गळ्यात दुर्बीण. बोलते शुद्ध, भांडते त्याहून शुद्ध. दिवाळीच्या तोंडावर तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'यंदाचा फराळ पामतेलाशिवाय करू या. बोर्निओ-सुमात्राची जंगलं तोडून ही लागवड होते. ओरांगउटान संपत चाललेत.' नाव कुणाचं नव्हतं. पण जिन्यात पिवळे डबे एकाच दारात होते.

मी तो मेसेज काकूंना वाचून दाखवला. तो वगळायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला मजा बघायची होती.

"ओरांग काय?"

"माकड असतं काकू. लाल केसांचं. माणसाएवढं."

"मग त्याला सांग म्हणावं, तुळसा तुझ्या घरी तळायला आलेली नाही."

दुसऱ्या दिवशी ऋजुताने तळमजल्याच्या सूचनाफलकावर एक मोठं पोस्टर लावलं. त्यात आईला बिलगलेलं ओरांगउटानचं पिल्लू, बाजूला वाघ, पक्षी, आणि खाली ओळीने लावलेली पामची झाडं. सेक्रेटरी गोपीनाथांनी परवानगी दिलेली, कारण पोस्टर रंगीत होतं आणि फुकट होतं.

काकू गप्प बसल्या. ही वाईट खूण होती. सकाळी घंटागाडी आली तेव्हा त्या खाली उभ्या होत्या, आणि ऋजुताच्या सुक्या कचऱ्याची पिशवी त्यांच्या हातात होती.

"मुरबाडकर, इकडे ये. वाच."

"काकू, लोकांचा कचरा..."

"वाच म्हटलं ना!"

त्यांनी एकेक वेष्टन काढलं, मी वाचलं. बिस्किटांचा पुडा, पाम तेल. नूडल्सचं पाकीट, पाम तेल. पावाला लावायची चॉकलेटची पेस्ट, पाम तेल. आइस्क्रीमच्या डब्यावर नुसतं 'वनस्पती तेल' होतं, ते कुठलं हे सांगायची कंपनीला लाज वाटली असावी. खाली येऊन उभ्या राहिलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. ज्यांच्या घरी तीच बिस्किटं होती त्या जास्त हसल्या.

ऋजुता ऑफिसला निघालेली. ती तरातरा आली. मला वाटलं आता रडेल.

"झालं वाचून?" ती म्हणाली. "अजून साबण आणि लिपस्टिक राहिलीय, ती मी घरून आणून देते. आहेच माझ्या घरात. सगळ्यांच्याच घरात घुसलंय, तेच तर लिहिलंय मी. आणि पामचं झाड वाईट आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. उभं जंगल पाडून त्या जागी लावतात, ते वाईट. कळतंय का मावशी?"

"मावशी कोणाला म्हणतेस? तुझ्या आईची बहीण नाही मी."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. तुझ्या त्या लाल माकडाशी बोल. आणि दोन किलो चकली पाठवायला सांगितलेलीस ती रद्द."

"ती आईने सांगितलेली!"

"आईला सांग, तुझ्या पोरीने तोंडचा घास काढला."

ऋजुता गेली. काकूंनी जाता जाता सूचनाफलकावरचं पोस्टर टराटरा काढलं, चारही टाचण्या पदराला टोचल्या, आणि वर घेऊन गेल्या. पोस्टरचं काय केलं म्हणाल, तर कढईतून काढलेल्या चकल्या निथळायला पसरायला त्यांना मोठा कागद लागतच होता.

संध्याकाळी मी ऑर्डरी वाचायला गेलेलो. काकू चकल्या डब्यात भरत होत्या. कागद रिकामा झाला तसा तो तेलाने काचेसारखा पारदर्शक झालेला दिसला. ओरांगउटान तर तेलात पूर्ण विरघळलेला. पण कोपऱ्यातला पक्षी लख्ख उठून आलेला. मोठी वाकडी चोच, चोचीवर शिंगासारखा उंचवटा.

काकू कागदावर वाकल्या. कढईत तेल तापत होतं तिकडे लक्ष नव्हतं.

"हा आमचा गरुड."

"नाही काकू, हा बोर्निओचा. खाली लिहिलंय."

"मला शिकवू नकोस. बेहड्यावरचा आहे."

"ह्याचं शिंग बघा ना, वेगळं आहे. चुलतभाऊ म्हणा फार तर."

"ह्याला काय झालंय?"

मी वाचलं. मोठी जुनी झाडं गेली, ढोल्या गेल्या, घरट्याला जागा उरली नाही. काही शिकारीत गेले. काकूंनी ऐकून घेतलं. मग कढईतून धूर यायला लागला तसा त्यांनी गॅस बारीक केला आणि माझ्यावर ओरडल्या, "माझ्या चकलीने? माझ्या एका कढईने तिकडची झाडं पडतात? काय पण सांगता रे! जा, झोप जा." संध्याकाळचे सात वाजलेले. पण तो कागद मात्र त्यांनी कचऱ्यात टाकला नाही. घडी करून ओट्याखाली ठेवला.

भाऊबीजेला नाथा आला. सावंतवाडीहून ट्रॅव्हल्सने आलेला. अंगावर नवा शर्ट, हातात नारळांची पिशवी, आणि बगलेत प्लॅस्टिकची फाइल. मला काकूंनी मुद्दाम बोलावलेलं, सहीला साक्षीदार म्हणून. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. काकूंनी नवी साडी नेसलेली नव्हती. ती ताटात यायची होती ना.

नाथा पाटावर बसला. आधी फाइल उघडली.

"बाये, आधी सही कर, मगे ओवाळ. माका आजच परत जावचा आसा. तुळशीच्या लग्नाक तू गावाक ये, तेव्हा दोडामार्गात नोंदणी करू."

"घाई कसली रे? घर बांधतंस काय राईत?"

"घर? छ्या! पाम लावतंय. तेलाची झाडां. कंपनी रोपां देता, फळां पण तीच उचलता. माका वर्षभर काय्येक करूचा नाय."

नाथाला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. पोस्टर, कचऱ्याची पिशवी, काही नाही. त्याने तो शब्द इतक्या सहज टाकला, जशी आपण, माहीत नसताना, एखाद्याच्या घरी जाऊन नुकत्याच वारलेल्या माणसाची चौकशी करतो. काकू ताट हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांची नजर दारातल्या पिवळ्या डब्यांवर गेली, तिथून ओट्याखाली.

"सगळी राई?"

"अर्धी ठेवून काय लोणचा घालूचा?"

"आणि बेहडो?"

"तो मधीच आसा. पयलो तोच जातलो."

"गरुड येतत अजून?"

"येतत गे. औंदा पण मादी बसलली."

"मगे फुडल्या साली ती खंय बसतली?"

नाथा हसला. "पाखरू ता. उडान दुसरीकडे जातला."

"ढोलीत असतानाच तोडलात तर? आत तिची पिसां झडतत, माहीत आसा मां तुका? बाबांनी दोघांक उभा करून दाखवलेला. बिनपिसांची कशी उडतली रे ती?"

"बाये," नाथाने हसणं आवरलं, "मी ओवाळून घेवक इलंय. पाखरांची शाळा भरवक नाय. कंपनीचो माणूस वाट बघता. गोदाक्काने दिली सही. तुझी एक रवली हा."

"तू सांगितलंस तिका, झाडां कसली ता?"

"तिने इचारल्यानच नाय. बहिणी इचारनत नाय."

हे वाक्य त्याने टाळलं असतं तर कदाचित सही झालीही असती. मी काकूंना ओळखतो. त्या कुठल्या बाजूला पडणार हे शेवटपर्यंत त्यांनाही माहीत नसतं, पण कुणी 'बहिणी असं करत नाहीत' म्हटलं की ते करून टाकतात.

"मी इचारतंय," त्या म्हणाल्या. "आणि सही नाय."

नाथा पाटावरून अर्धा उठला. त्याचा चेहरा बदलला, आणि मग त्याला ते डबे दिसले. त्याने एक बोटाने वाजवून पाहिला.

"ह्या काय मगे? तू सोता पामात तळतंस. त्याच्यावर जगतंस. आणि माका शिकवतंस?"

मी मनात म्हटलं, सापडल्या. आता काकूंकडे उत्तर नसणार. पण उत्तर नसलं की बोलू नये हा नियम त्यांच्या घराण्यात नाही.

"तळतंय! माझ्या कढयेत तळतंय, बापाशीच्या राईत नाय!"

"माका एकच सांग. तुका गरुड होयो का माहेर होया?"

निरांजन ताटात कलंडलं. तूप ताटात सांडलं. मी खाली बघितलं, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ताटातल्या रिकाम्या जागेत साडी पडायची होती, आणि ती साडी नाथाच्या पिशवीतून थोडी बाहेर आलेली मला दिसत होती. मोरपंखी होती.

"बाबा असते तर तुझ्या हातातलो कोयतो काढून घेतलो असतो," काकू म्हणाल्या. "आता मी घेतलंय. जा."

"गेलंय तर ह्या दाराक परत पाय लावचंय नाय. गोदाक्का पण येवची नाय. मेलंय तरी कळवचंय नाय तुका."

"नको कळवू. सुतकाचा न्हाणा तरी वाचात माझा."

नाथाने कपाळाला कुंकू न लावता चपला घातल्या. नारळ उचलून नेले. हे मात्र मला आवडलं, राग असावा तर असा पूर्ण असावा. साडीचं टोक पिशवीत कोंबत तो जिना उतरला, आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी "काय नाथाभाऊ, झाली का ओवाळणी?" विचारल्याचं ऐकू आलं. त्याने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

काकूंनी दार लावलं. मला आतच ठेवून. बराच वेळ त्या कढई घासत बसल्या, जी आधीच स्वच्छ होती. मी दोनदा "काकू, मी जाऊ?" विचारलं. दोन्ही वेळा, "तुला धरून ठेवलाय काय?" आणि दोन्ही वेळा त्या दाराच्या आणि माझ्या मधेच होत्या.

उन्हं उतरली तसं त्यांनी निरांजनात तूप घातलं, ताट उचललं आणि गच्चीवर निघाल्या. मी मागे. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे मी आईकडून ऐकलेलं. भाऊ जिवंत असताना, हायवेला ट्रॅव्हल्सची वाट बघत उभा असताना चंद्राला ओवाळणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गच्चीवर ऋजुता होती. तिचा भाऊ कॅनडात, मोबाईलवरून ओवाळून झालेलं. कबुतरं उडवत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. काकूंना बघून तिने ओठ घट्ट मिटले.

बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, आणि तोही पश्चिमेच्या नव्या टॉवरच्या मागे जात चाललेला. काकू पाण्याच्या टाकीला वळसा घालून कठड्याशी गेल्या, टाचा उंचावल्या. दिसला. त्यांनी ओवाळलं. अक्षता कठड्यापलीकडे टाकल्या, त्या खाली कुणाच्या गाडीवर पडल्या असतील.

मग चंद्राकडे बघतच त्या म्हणाल्या, "ए आगाशांची."

"काय?"

"तुझ्या त्या बोर्निओत राई कुणाची होती?"

ऋजुताला कळायला वेळ लागला. "तिथल्या लोकांची. गावांची. काही सरकारची."

"मग सही कुणी दिली?"

"काही ठिकाणी फसवून घेतली," ऋजुता म्हणाली. "काही ठिकाणी कुणी विचारलंच नाही."

ताटातली करंजी उचलून काकूंनी ऋजुतापुढे धरली. नाथासाठी केलेली, मुरड जरा जास्त नाजूक घातलेली.

"कशात तळलीय?" ऋजुताने विचारलं.

"डबे दिसत नाहीत काय तुला?"

"मग नको."

मी डोळे मिटले. आता गच्चीवरून एक बाई खाली जाणार, कोणती ते बघायचं.

"बरं केलंस," काकू म्हणाल्या. "माझी दया येऊन खाल्ली असतीस तर ताटच मारलं असतं." त्यांनी करंजी कठड्यावर ठेवली. "कावळ्याला चालतं. आणि हे बघ, शेंगदाण्यात तळली तर महाग पडेल. तेव्हा घेशील? का तेव्हा म्हणशील बाहेर स्वस्त मिळते?"

"घेईन."

"सगळ्या असंच म्हणतात. आईच्या नावाने नको, तुझ्या नावाने सांग ऑर्डर." त्या वळल्या. "आणि तुझ्या पोस्टरला तेल लागलंय. दुसरं लाव. त्यात माकड लहान कर, गरुड मोठा कर."

"मोठा करण्यासारखा फोटो नाही माझ्याकडे."

"मग ये राईत. काढ." मग थांबल्या. राईत जायचं म्हणजे नाथाच्या दारावरून जावं लागतं, हे त्यांना तेव्हाच आठवलं असावं. "बघू," म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.

दारात पिवळे डबे रचलेले. भरलेले तसेच ठेवून काकूंनी वरचा रिकामा तेवढा लाथाडला. तो ठणठणत खालच्या मजल्यापर्यंत गेला. एकही दार उघडलं नाही, हे आमच्या सोसायटीचं शहाणपण.

माझ्या हातात त्यांचा मोबाईल होता. तो वाजला. गोदाक्का. नाथाने गाडीत बसायच्या आधीच कळवलेलं दिसत होतं.

"काकू, बांद्याहून फोन आहे. काय सांगू?"

त्यांनी निरांजन देव्हाऱ्यात ठेवलं, ते विझणार नाही असं बघितलं.

"सांग, तुळसा घरात नाही," त्या म्हणाल्या. "माहेरी गेलीय म्हणावं."